जुन्या मोटारगाडीतील तेलगळती : निदान आणि दुरुस्ती

मोटारगाडी रात्रभर एका जागी उभी असावी, सकाळी ती बाहेर काढावी आणि तिच्या खालच्या फरशीवर काळसर तेलाचा डाग दिसावा, हा अनुभव जुनी गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांस आलेला असतो. तो डाग पाहून मालकाच्या मनात दोनपैकी एक विचार येतो. 'जुनी गाडी म्हटली की ती गळणारच' असे म्हणून तो डागाकडे दुर्लक्ष करतो. नाहीतर इंजिनाचे आयुष्य संपले असे समजून हवालदिल होतो. हे दोन्ही विचार घाईचे आहेत. गळतीला नेहमीच काहीतरी कारण असते, ते कारण शोधता येते आणि ते सापडले म्हणजे पुष्कळदा अगदी अल्प खर्चात दूर करता येते. मात्र शोधाचे काम डागापासून सुरू करून डागापाशीच थांबवले, तर हाती काहीच लागत नाही. तेल जेथून टिपकते तेथूनच ते गळत असते असे नाही, ही या प्रकरणातील मुख्य गोष्ट होय.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण घेऊ. असे समजा की एका गृहस्थाची अँबॅसॅडर गाडी भाड्याने चालते आणि तिच्यावरच त्याच्या घराचा खर्च चालतो. काही महिन्यांपासून इंजिन आणि गिअरपेटी यांच्या जोडापाशी, खालच्या बाजूस, तेलाचे थेंब पडत आहेत. पूर्वी एक हजार किलोमीटरमध्ये पाव लिटर तेल घालावे लागे, आता एक लिटर घालावे लागते. मिस्त्री वाकून पाहतो आणि सांगतो, "मागचे सील गेले, इंजिन उतरवावे लागेल." इंजिन उतरवावयाचे म्हणजे गाडी कित्येक दिवस बंद, तेवढ्या दिवसांची कमाई बुडालेली आणि वर मजुरीचा खर्च. मिस्त्रीचे म्हणणे खरे असू शकेल आणि खोटेही. मालकाने होकार द्यावा की नाही? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी इंजिनातील तेल कोठे असते व ते बाहेर का येते, हे समजावून घेतले पाहिजे.

अँबॅसॅडर गाडी उदाहरणासाठी निवडण्यास कारण आहे. मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून तयार झालेली ही गाडी पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात बनत असे. १९५९ पासून दीर्घकाळ तिच्यात १४८९ घनसेंटीमीटर क्षमतेचे, चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन बसवले जाई. गाडीचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. तथापि हौशी लोकांकडे व लहान गावांत त्या गाड्या अद्याप आढळतात. तिच्या इंजिनाची रचना साधी आहे, भाग डोळ्यांना दिसतात आणि हाताला लागतात. या इंजिनाबाबत जे नियम सांगावयाचे आहेत, ते प्रीमियर पद्मिनी, जुन्या जीपगाड्या व त्या काळातील इतर वाहने यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडतात.

१. तेल इंजिनात कसे फिरते

इंजिनाच्या तळाशी पत्र्याचे एक पसरट भांडे असते. त्यास संप असे नाव असले तरी आपल्याकडील गॅरेजमध्ये त्याला 'चेंबर' म्हणतात. आपल्या उदाहरणातील इंजिनात साधारण ४ लिटर तेल मावते. पंप ते तेल चेंबरमधून ओढून घेतो, गाळणीतून दाबाने पुढे ढकलतो आणि सिलिंडरांच्या ठोकळ्यातील लांबट मार्गाने मुख्य बेअरिंगांकडे पोहोचवतो. इंजिन गरम होऊन गाडी रस्त्यावर चालत असताना या मार्गातील दाब चौरस इंचास सुमारे ५० पौंड असतो. तेथून काही तेल वर, झडपा हलवणाऱ्या रॉकरांपर्यंत चढते व आपले काम करून पुन्हा चेंबरमध्ये ओघळते.

यावरून इंजिनातील तेलाच्या दोन अवस्था लक्षात येतील. पंपापासून बेअरिंगांपर्यंतचे तेल दाबाखाली असते. बेअरिंगांतून बाहेर पडलेले, उडालेले किंवा भिंतींवरून ओघळणारे तेल दाबाखाली नसते. ते केवळ स्वतःच्या वजनाने खाली येत असते. दाबाच्या भागात भेग पडली तर तेलाची धार लागते आणि थोड्या मिनिटांत चेंबर रिकामे होऊ शकते. बिनदाबाच्या भागातील गळती मात्र मंद असते. ती महिनोन् महिने चालू राहते आणि आपणांस नेहमी भेटते ती बहुधा हीच.

२. तेल अडवून धरणारे सांधे

इंजिन एकसंध नसते. अनेक भाग एकमेकांवर बसवून ते तयार होते आणि जेथे दोन भाग मिळतात तेथे तेलाला वाट मिळण्याची शक्यता असते. हे सांधे दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार स्थिर सांध्यांचा. रॉकरांवरील झाकण, टॅपेटांची बाजूची झाकणे, चेंबरची कड, गाळणीचे बूड ही त्याची उदाहरणे होत. अशा ठिकाणी दोन धातूंच्या मध्ये बुचाच्या लाकडाची, कागदाची किंवा रबराची पट्टी असते. तिला गॅस्केट म्हणतात. मिस्त्री तिलाच 'पॅकिंग' म्हणतात. दोन्ही पृष्ठभागांतील बारीक उंचसखलपणा भरून काढणे हे तिचे काम. उष्णतेने वर्षानुवर्षे भाजून निघाल्यावर बुचाचे पॅकिंग कडक होते, आकसते व अखेर ठिसूळ होऊन चिरते.

दुसरा प्रकार फिरत्या सांध्यांचा. क्रँकशाफ्ट, म्हणजे भुजादंड, इंजिनाच्या दोन्ही टोकांस बाहेर येतो. पुढे त्यावर पंख्याच्या पट्ट्याची पुली असते, मागे फ्लायव्हील असते. फिरणाऱ्या दांड्याभोवती पॅकिंग घट्ट आवळता येत नाही. म्हणून पुढच्या टोकास नमद्याचे किंवा रबरी ओठाचे सील बसवतात. मागच्या टोकास या इंजिनात निराळीच युक्ती योजलेली आहे. तेथे दांड्यावर स्क्रूच्या आट्यांप्रमाणे एक चर कापलेला असतो. दांडा फिरू लागला की हा चर बाहेर येऊ पाहणाऱ्या तेलाला पुन्हा आत ढकलतो. चर आणि त्याभोवतालचे कवच एकमेकांस टेकत नाहीत. त्यांमध्ये एक इंचाचा काही हजारांश भाग एवढीच फट असते.

या योजनेचा एक परिणाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दांडा फिरतो तोवरच ही युक्ती चालते. इंजिन बंद झाले की फट उघडीच राहते. त्यामुळे गाडी चढावर तोंड करून उभी केली किंवा तेल प्रमाणाबाहेर भरले, तर मागून दोन-चार थेंब पडणे हा या रचनेचा स्वभावच आहे. त्या थेंबांस बिघाड समजून इंजिन खोलणे म्हणजे निरोगी माणसावर शस्त्रक्रिया करण्यासारखे होईल.

३. गळतीची तीन कारणे

तेल बाहेर येण्यास वाट लागते आणि त्यास ढकलणारे बळही लागते. केवळ वाटेचा विचार करून बळाकडे दुर्लक्ष करणे ही नेहमीची चूक होय. कारणांची विभागणी तीन प्रकारांत करता येईल.

पहिले कारण म्हणजे पॅकिंग किंवा सील झिजणे. याचा उल्लेख वर आला आहे.

दुसरे कारण म्हणजे ज्या पृष्ठभागांत पॅकिंग धरलेले असते ते वाकडे होणे. पत्र्याच्या झाकणाचे बोल्ट जोराने आवळले, तर भोकांभोवतालचा पत्रा आत दबतो आणि दोन बोल्टांमधला भाग उचलला जातो. मग त्या फटीतून तेल पाझरते. ते पाहून मालक बोल्ट आणखी आवळतो, पत्रा आणखी दबतो आणि फट आणखी वाढते. जुन्या गाड्यांत आढळणाऱ्या कितीतरी गळतींचे मूळ अशा अतिरिक्त आवळण्यात असते.

तिसरे कारण सर्वांत कमी ओळखले जाणारे, परंतु सर्वांत महत्त्वाचे आहे. इंजिनाच्या पोटात, भुजादंडाभोवतालच्या पोकळीत, दाब वाढणे हे ते कारण होय. सिलिंडरात पेट्रोल पेटल्यावर निर्माण होणाऱ्या वायूंपैकी थोडे वायू दट्ट्याच्या कड्यांना चुकवून खाली उतरतात. नव्या इंजिनातही हे घडते. या वायूंना बाहेर पडण्यासाठी श्वासनळीची सोय केलेली असते. आपल्या इंजिनात टॅपेटांच्या एका बाजूच्या झाकणापासून एक नळी खाली जाते आणि वरच्या झाकणापासून दुसरी नळी हवेच्या गाळणीकडे जाते. या नळ्या काजळीयुक्त चिखलाने तुंबल्या, किंवा कड्या झिजून खाली येणाऱ्या वायूंचे प्रमाण वाढले, तर पोकळीत दाब साचतो. तो दाब तेलाला प्रत्येक सांध्यातून बाहेर रेटू लागतो. अशा वेळी एक पॅकिंग बदलले की गळती दुसरीकडे सुरू होते, दुसरे बदलले की तिसरीकडे. मालकाचा पैसा जातो, मिस्त्रीचा धीर सुटतो आणि तुंबलेली नळी तशीच राहते.

४. तपासणीची पद्धत

तपासणीस विशेष उपकरणे लागत नाहीत. रॉकेल, ताठ केसांचा ब्रश, स्वच्छ फडकी, विजेरी, एक लहान आरसा, जुनी वर्तमानपत्रे आणि पंक्चरच्या दुकानात मिळणारी फ्रेंच चॉकची पूड एवढे साहित्य पुरे. त्याखेरीज पुरेसा वेळ आणि दृढ संयम पाहिजे.

प्रथम सुरक्षिततेविषयी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. मजबूत स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावून, चाकांना अडण्या देऊनच खाली जावे. इंजिन चालू असताना धोतराचा सोगा, साडीचा पदर, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी. धुण्यासाठी पेट्रोल कदापि वापरू नये.

(अ) द्रव ओळखा. खाली पडलेला प्रत्येक थेंब इंजिनातील तेलाचा नसतो. पांढऱ्या कागदावर थेंब धरून पाहावा. इंजिनातील वापरलेले तेल काळे किंवा तपकिरी असते. गिअरपेटीत वेगळे दाट तेल असेल तर त्याला गंधकासारखा उग्र वास येतो; परंतु काही जुन्या गाड्यांत गिअरपेटीतही इंजिनाचेच तेल घालतात, तेथे वासाचा उपयोग होत नाही आणि दोन्ही ठिकाणची पातळी मोजूनच निर्णय करावा लागतो. ब्रेकचे तेल पातळ असते व रंग खराब करते. चाकाच्या आतील बाजूस असे तेल दिसले तर गाडी चालवू नये. तो निराळा आणि अधिक गंभीर बिघाड होय.

(आ) पातळी पाहा. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यानंतर काही मिनिटांनी तेलाची पट्टी काढावी. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचे तेल काढून टाकावे. कधीकधी रोग तेवढाच असतो. पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल तर तेलात पेट्रोल मिसळत आहे. ज्या गाड्यांत पेट्रोलपंप इंजिनावर बसवलेला असतो, तेथे त्याचा पडदा फाटल्याने असे होते. पातळ झालेले तेल अधिक सहजपणे गळते आणि बेअरिंगांचे रक्षणही नीट करत नाही.

(इ) श्वास तपासा. इंजिन गरम करून मंद गतीने चालू ठेवावे व तेल घालण्याचे झाकण उघडावे. थोडीशी वाफ दिसली तर चिंता नको. परंतु धुराचे झोत भसाभस बाहेर येत असतील, किंवा तोंडावर धरलेला पातळ कागद जोराने उडत असेल, तर पोकळीत दाब आहे असे समजावे. मग इंजिन बंद करून श्वासनळ्या काढाव्यात, रॉकेलने धुवाव्यात आणि पलीकडचा उजेड दिसेपर्यंत साफ कराव्यात. त्यानंतरही तोच प्रकार राहिला तर सिलिंडरांतील दाब मोजून घ्यावा. तो कमी भरल्यास दोष कड्यांचा किंवा सिलिंडरांचा असण्याचा संभव मोठा.

(ई) इंजिन धुवा. वर्षानुवर्षांचा चिखल अंगावर असताना गळती शोधणे म्हणजे पावसात छताचे भोक बाहेरून शोधण्यासारखे आहे. थंड इंजिनावर डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो व कार्ब्युरेटरचे तोंड प्लास्टिकने झाकून रॉकेल आणि ब्रश यांनी वरपासून खालपर्यंत सर्व बाजू धुवाव्यात. नंतर फडक्याने कोरडे करून रॉकेल पूर्ण उडून जाऊ द्यावे. रॉकेलाने ओले इंजिन सुरू करू नये. कोरड्या झालेल्या सांध्यांवर फ्रेंच चॉकची पूड हलकेच भुरभुरावी. पांढऱ्या पुडीवर तेलाचा पहिला ओघळ चटकन उठून दिसतो.

(उ) तीन वेळा पाहा. इंजिन जागच्या जागी पंधरा मिनिटे चालवून पहिली पाहणी करावी. नंतर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून दुसरी पाहणी करावी. शेवटी गाडीखाली वर्तमानपत्रे पसरून, त्यांवर पुढच्या चाकांच्या जागेची खूण करून, रात्रभर गाडी उभी ठेवावी व सकाळी तिसरी पाहणी करावी. पहिल्या पाहणीत दिसते ती बहुधा दाबाच्या भागातील किंवा वरच्या झाकणातील गळती. दुसरीत वेगामुळे व पोकळीतील दाबामुळे होणारी गळती कळते. तिसरीत केवळ वजनाने ओघळणारे तेल सापडते.

(ऊ) वरपासून खाली या. तेल खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून ओलसर भागांपैकी जो सर्वांत वर आणि सर्वांत पुढे असेल, तेथे गळतीचा उगम असण्याचा संभव सर्वांत अधिक. आरसा व विजेरी घेऊन त्या जागेपर्यंत ओघळाचा माग काढावा. आजकाल तेलात चमकणारा रंग मिसळून जंबुपार किरणांच्या दिव्याने माग काढण्याची सोयही उपलब्ध आहे. परंतु तिच्यामागील तत्त्व हेच आहे.

५. नेहमीची ठिकाणे व त्यांची दुरुस्ती

वरचे झाकण. रॉकरांवरील हे झाकण दोन नटांनी बसवलेले असते. गॅरेजमध्ये यालाच बहुधा 'टॅपेट कव्हर' म्हणतात; म्हणून मिस्त्रीशी बोलताना वरचे की बाजूचे, हे स्पष्ट करून घ्यावे. झाकण काढून त्याची कड जाड सपाट काचेवर ठेवावी. काच आणि कड यांमध्ये कोठे उजेड दिसला तर तेथे कड वाकली आहे. सपाट लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने ती सरळ करावी. जुन्या पॅकिंगचे सर्व अवशेष खरवडून काढावेत व ते इंजिनात पडू देऊ नयेत. नवे पॅकिंग फक्त झाकणाच्या बाजूस चिकटवावे आणि दुसऱ्या बाजूस ग्रीसचा पातळ हात फिरवावा, म्हणजे पुढच्या वेळी झाकण काढताना ते फाटणार नाही. नटांखालील रबरी चकत्या कडक झाल्या असल्यास त्याही बदलाव्यात. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे, पॅकिंग जरासे दबेपर्यंतच आवळावेत.

बाजूची झाकणे. धुराची व मिश्रणाची नळकांडी ज्या बाजूस असतात, त्यांच्या खाली टॅपेटांची दोन झाकणे असतात. जागा अडचणीची असल्यामुळे ही झाकणे पुष्कळदा तपासलीच जात नाहीत. प्रत्येकाच्या मध्यभागी एकच बोल्ट असल्याने तो अधिक आवळताच पत्रा वाकतो. दुरुस्ती वरच्या झाकणाप्रमाणेच करावी. येथील तेल धुराच्या तापलेल्या नळीवर पडले तर जळका वास येतो आणि आगीचाही धोका असतो, म्हणून ही गळती लांबणीवर टाकू नये.

तेलाची गाळणी. गाळणी बदलल्यावर लगेच गळती सुरू झाली तर खाचेत जुनी रबरी कडी राहून तिच्यावर नवी बसली आहे काय, ते प्रथम पाहावे. जुनी कडी टाचणीने उचलून काढावी, खाच पुसावी, नवीला तेलाचे बोट लावून ती सर्व बाजूंनी सारखी बसवावी. हा दाबाचा भाग आहे. म्हणून इंजिन सुरू करताच पाहणी करावी आणि धार दिसली तर त्याच क्षणी इंजिन बंद करावे.

दाबमापकाची नळी. तेलाचा दाब दाखवणाऱ्या बारीक नळीच्या सांध्याला तांब्याची चकती असेल, तर ती वापराने कडक होते. लालबुंद होईपर्यंत तापवून थंड केल्यास तांबे पुन्हा मऊ होते. तथापि नवी चकती मिळत असल्यास तीच घालावी. रस्त्यात दाबाचा काटा खाली आला किंवा तेलाचा दिवा लागला, तर 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' असा विचार न करता गाडी थांबवावी. तेलाविना बेअरिंगे फार थोड्या वेळात नष्ट होतात.

चेंबर. याच्या लांब बाजूंस पॅकिंगच्या पट्ट्या व दोन टोकांस बुचाचे कमानदार तुकडे असतात. चेंबर काढल्यावर प्रत्येक भोकाभोवतालचा दबलेला पत्रा सपाट करावा. टोकांचे तुकडे कापून आखूड करू नयेत. ते किंचित वर राहिले तरच आवळल्यावर फट भरते. बोल्ट मध्यापासून दोन्ही बाजूंस, समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. तेल सोडण्याच्या बोल्टाची चकती दर वेळी पाहावी.

पुढचे सील. पुलीमागे तेल दिसत असेल व ते पंख्याच्या पट्ट्याने चहूकडे उडत असेल तर पुढचे सील झिजले आहे. पुली काढल्यावर, जेथे सील टेकते तेथे तिच्यावर चर पडला आहे काय हे नखाने तपासावे. चर खोल असल्यास नवे सीलही टिकणार नाही. आतील तेल फेकणारी चकती उलटी बसण्याची शक्यता असते. म्हणून काढतानाच तिची दिशा कागदावर टिपून ठेवावी. झाकण बसवताना बोल्ट सैल ठेवून आधी पुली सीलमधून आत सरकवावी, म्हणजे झाकण मध्यावर येते, आणि मगच बोल्ट आवळावेत.

६. मागील टोकाची गळती

इंजिन आणि गिअरपेटी यांमधील कवचाच्या तळाशी एक भोक असते. आत आलेले तेल क्लचवर न जाता बाहेर पडावे हा त्याचा हेतू आहे; म्हणून ते भोक कधीही बुजवू नये. तेथून तेल टिपकले की दोष मागील टोकाचा, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेले तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळून नेमके याच कवचाच्या खालच्या कडेशी येते. खाली पडणारा थेंब दोन्ही बाबतींत सारखाच दिसतो.

मागील टोकास दोषी ठरवण्यापूर्वी तीन गोष्टींची खात्री केली पाहिजे : वरचे सर्व सांधे कोरडे आहेत, श्वासनळ्या मोकळ्या आहेत आणि तेलाची पातळी योग्य आहे. तिन्ही ठीक असूनही कवचाच्या भोकातूनच तेल येत राहिले तर मिस्त्रीचे निदान खरे मानावे. मागील मुख्य बेअरिंग झिजल्यामुळे दांडा हेलकावत असेल, तर चराभोवतालची फट एका बाजूस वाढते व गळती होते. अशा वेळी बेअरिंगाचे काम केल्यावाचून उपाय नाही.

मात्र तेव्हाही घाईची गरज किती, हे ठरवावे. क्लच घसरत असेल किंवा गाडी उचलताना हिसके देत असेल, तर तेल क्लचपर्यंत पोहोचले आहे. काम ताबडतोब करावे. तसे नसेल आणि तेल मर्यादेत जात असेल, तर पुढे क्लचसाठी इंजिन उतरवावे लागेल तेव्हाच हे काम करून घ्यावे.

'मर्यादा' म्हणजे किती, याचा अंदाज एका हिशेबाने येईल. तेलाचे सुमारे २५ थेंब म्हणजे एक मिलिलिटर असे धरू. दर १०० मीटरला एक थेंब गळला तर एक हजार किलोमीटरमध्ये दहा हजार थेंब, म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर तेल जाईल. डिपस्टिकवरील दोन खुणांमधील अंतर साधारणपणे एक लिटरच्या आसपास असते. म्हणजे अशा गाडीची पातळी दर आठवड्यास पाहिली तर इंजिनास धोका नाही. महिनाभर पाहिली नाही तर धोका आहे.

७. टाळावयाचे उपाय

गळती थांबवणारी म्हणून जी औषधे तेलात घालण्यासाठी विकली जातात, ती रबराला थोडे फुगवतात. रबरी सीलवर त्यांचा काही काळ उपयोग होईलही; परंतु बुचाच्या भाजलेल्या पॅकिंगवर किंवा वाकलेल्या पत्र्यावर त्यांचा काय उपयोग? फार दाट तेल घालणे हाही तात्पुरताच मार्ग आहे, कारण थंड इंजिनात ते बेअरिंगांपर्यंत उशिरा पोहोचते.

शेलॅक किंवा सिलिकोनचा थर बाहेरून थापणे तर अपायकारकच. तेलावर तो चिकटत नाही. सांध्याच्या आत त्याचा जाड थर दिल्यास दाबल्यावर आत निघालेली चुरी तुटून पंपाच्या जाळीत अडकते आणि तेलाचा पुरवठाच बंद पडू शकतो. जेथे लागतो तेथे असा लेप अगदी पातळ असावा.

दुरुस्तीत निघालेले जुने तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. ते धोकादायक कचऱ्यात मोडते. डब्यात साठवून अधिकृत रीतीने गोळा करणाऱ्यांकडे द्यावे. असे तेल दीर्घकाळ कातडीस लागणेही अपायकारक असते, म्हणून काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

८. उदाहरणाचे उत्तर

आता आपल्या गृहस्थाच्या गाडीकडे परत येऊ. इंजिन उतरवण्यास संमती देण्यापूर्वी त्याने एक दिवस मागून घ्यावा. समजा, झाकण उघडताच धुराचे झोत दिसले आणि श्वासनळी काढली तेव्हा ती चिखलाने जवळजवळ बंद झालेली आढळली. नळी साफ केल्यावर झोत थांबले. इंजिन धुऊन, पूड टाकून पंधरा मिनिटे चालवल्यावर कवचाचा खालचा भाग कोरडा राहिला. परंतु वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात पूड काळी पडली व तेथून एक बारीक ओघळ पाठीवरून खाली उतरू लागला. झाकणाची कड सरळ करून नवे पॅकिंग घातले. पंधरा किलोमीटर चालवल्यावर पाठ कोरडी होती. सकाळी वर्तमानपत्रावर दोन थेंब होते. ते चराचे स्वाभाविक थेंब होत. येथे इंजिन उतरवले असते, तरी तुंबलेली नळी आणि वाकडी कड तशीच राहून गळती परत आली असती.

याउलट, समजा वरची बाजू कोरडी, नळ्या मोकळ्या, पातळी योग्य, तरीही भोकातून तेल येतच आहे. मग मिस्त्रीचा शब्द मानावा आणि इंजिन निःशंकपणे उतरवावे. एक दिवस वाया गेला असे त्या वेळी वाटण्याचे कारण नाही. कारण आता जो खर्च होईल तो नक्की कशासाठी होत आहे, हे मालकास ठाऊक असेल.

सारांश, द्रव ओळखावा, पातळी पाहावी, इंजिनाचा श्वास मोकळा करावा, मग इंजिन धुऊन वरपासून खालपर्यंत माग काढावा. स्वस्त आणि वरचे काम आधी, महाग आणि आतले काम नंतर, हा क्रम कधी सोडू नये. डाग फरशीवर असतो; त्याचे कारण पुष्कळदा हातभर वर, इंजिनाच्या माथ्यावर असते.